गुडविलमधली खेळणी, ईबेवरचा बाजार आणि एच-४

ताई, नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगा सात वर्षांचा. पुण्यात नोकरी होती, इथे आल्यापासून घरीच आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय, पण माझ्या वर्क परमिटचं आम्ही अजून काही मनावर घेतलेलं नाही.

मागे गुडविलमध्ये (दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या इथल्या दुकानात) लेगोची एक मोठी पिशवी पंधरा डॉलरला मिळाली. मुलासाठीच घेतली होती. आत स्टार वॉर्सची छोटी माणसं निघाली. त्यातली सहा ईबेवर टाकली तर नव्वद डॉलरला गेली! तेव्हापासून चटक लागली. आता बेसमेंटमध्ये खोक्यांची रांग आहे. बार्बी (एकीच्या पाठीवर चक्क १९६६ कोरलंय), बीनी बेबीज, मोनोपॉली, गेम बॉयची पोकेमॉन कार्ट्रिजेस. जात मात्र काहीच नाही. नवरा म्हणतो, 'घर आहे की जुना बाजार?' सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांच्या मते दानात आलेल्या वस्तूंवर नफा कमवायचा म्हणजे गरिबाच्या लेकराच्या हातचं ओढून घेणं. परवा लेकाने एक लेगोचा माणूस मागितला, तर मी 'तो विकायचाय' म्हणून काढून घेतला, त्याचंही वाईट वाटतंय. मैत्रीण म्हणते, खातं नवऱ्याच्या नावावर काढ, म्हणजे व्हिसाची भानगड नको. पुण्याचा भाऊ म्हणतो, येताना बॅगेत भरून आण, इथे लेगो सोन्याच्या भावाने जातो. करू का हा धंदा? मला अगं-तुगंच करा.

– मीनल (नाव बदललं आहे)

मीनल,

बार्बीकडे येऊच, पण 'वर्क परमिटचं मनावर घेतलेलं नाही' हे तू जाता जाता लिहिलंस आणि सगळा पेच तिथेच आहे. एच-४वर ईएडी कार्ड, म्हणजे वर्क परमिट, नसताना काम करता येत नाही. काम म्हणजे फक्त दुसऱ्याची नोकरी असं समजून आपल्याकडच्या बऱ्याच मुली टिफिनचे डबे, मेंदी, ईबे असलं काहीबाही सुरू करतात. पण नफ्यासाठी माल विकत घ्यायचा, फोटो काढून लिस्ट करायचा, पॅक करून पाठवायचा, हा स्वतःचा धंदाच झाला, आणि तोही कामातच मोडतो. मुलाची लहान झालेली सायकल, क्रिब, त्याने खेळून सोडलेली खेळणी विकणं वेगळं. ती घरातली अडगळ काढणं झालं. तुझी पहिली पिशवीही एकवेळ त्यात बसेल. बेसमेंटमधली ती रांग मात्र मुलासाठी आणली, असं तुलाही म्हणता येणार नाही.

तेव्हा आज ईबेवरच्या सगळ्या लिस्टिंग काढून टाक. आतापर्यंत काय विकलं त्याचा कागद कर आणि इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन एकदा भेट. फेसबुकच्या ग्रुपवर विचारू नकोस. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात, परवानगीशिवाय कधी काम केलं होतं का, हा प्रश्न सरळ विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं हे सहा लेगोवाल्यांपेक्षा फार महागात पडतं. नवऱ्याच्या नावाची युक्ती तर डोक्यातून काढूनच टाक. एच-१बी त्याला ज्या कंपनीने आणलं त्या कंपनीच्या कामापुरताच असतो. जोडीला स्वतःचा धंदा त्यालाही चालत नाही. म्हणजे नाव त्याचं, काम तुझं आणि अडचणीत दोघंही.

यात चांगली बातमी अशी की आय-१४० मंजूर आहे. २०१५ सालच्या नियमाने अशा एच-४ जोडीदाराला ईएडीसाठी अर्ज करता येतो. फॉर्म आय-७६५, वर्गवारी सी-२६. ते कार्ड हातात आलं की नोकरी कर नाहीतर धंदा, कुठल्याही कंपनीने स्पॉन्सर करायची गरज नाही. लोकांना यासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते आणि तू पात्र असून बसून आहेस! कार्ड यायला काही महिने जातील, पण ते महिने फुकट जाऊ देऊ नकोस. विकायला एकही वस्तू आणायची नाही, बघायला मात्र कुणाची मनाई नाही.

आता बेसमेंटमध्ये उतरू.

१९६६वाल्या बार्बीपासून सुरुवात करते, कारण ती जवळजवळ प्रत्येकीला फसवते. पाठीवर कोरलेलं साल हे त्या धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे, बाहुली बनल्याचं नाही. मॅटेलने तोच साचा पुढे कैक वर्षं वापरला, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या बाहुलीच्या पाठीवरही १९६६च दिसतं. मानेच्या कडेवरचं सालसुद्धा डोक्याच्या साच्याचंच. त्याच कोरीव ओळीत देशाचं नाव शोध. साठच्या दशकातल्या बहुतेक बाहुल्या जपानच्या. मलेशिया, चीन किंवा इंडोनेशिया दिसलं तर ती बरीच नंतरची, आणि अशा बाहुलीला पाच-दहा डॉलरपलीकडे कोण देतंय? खोक्यातल्या, न उघडलेल्या 'हॉलिडे बार्बी'चंही तेच. लोकांनी त्या पुढे मोल येईल म्हणूनच जपून ठेवल्या, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे मोल आलंच नाही.

बीनी बेबीज त्याच माळेतल्या. १९९३ साली आलेली ही पाच डॉलरची मऊ प्राण्यांची खेळणी दशक संपता संपता लोकांनी शेअरसारखी घेतली. तू ईबेवर शोधलंस तर पाच-पाच हजार डॉलरच्या लिस्टिंग दिसतील, टॅगवर छपाईची चूक आहे म्हणून दुर्मीळ वगैरे. त्या मागितलेल्या किमती आहेत. मागायला काय जातं! डावीकडच्या फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स'वर टिचकी मार, मग प्रत्यक्षात कुणी किती मोजले ते दिसेल. बहुतेक बीनींसाठी तो आकडा टपालखर्चाच्या आसपास घुटमळतो. एवढी एक सवय लागली असती तर तुझे निम्मे खोके दुकानातच राहिले असते.

पोकेमॉनच्या कार्ट्रिजेसमध्ये खरा पैसा आहे, म्हणूनच नकलांचा सुळसुळाटही तिथेच. विशेषतः गेम बॉय ॲडव्हान्सच्या. दिव्याखाली एक कार्ट्रिज धर आणि लेबल तिरकं करून बघ. अस्सल लेबलावर छापलेल्या अक्षरांखेरीज दोन आकडे नुसते दाबून उमटवलेले असतात, शाई नसते, तिरप्या उजेडातच दिसतात. मग कार्ट्रिज उलटं करून खालच्या खाचेत डोकाव. सोनेरी पट्ट्यांच्या वर सर्किट बोर्डावर 'निन्टेंडो' असं बारीक लिहिलेलं दिसलं पाहिजे. लेबलाचा रंग भडक, प्लास्टिक हलकं, बोर्ड कोरा, असं असेल तर नक्कल. ती 'जशी आहे तशी' म्हणूनही विकायची नाही. खातं बंद होतं ते वेगळं, बनावट माल विकणं हा गुन्हा आहे. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'ची जुनी कार्ट्रिजेस अस्सल असली तरी आतला नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो आणि खेळ सेव्ह होत नाही. चालवून बघायचं आणि गिऱ्हाइकाला आधी सांगायचं.

मोनोपॉली? परत देऊन टाक. अगदी खास आवृत्ती असल्याशिवाय तिला कुणी विचारत नाही. एकूणच बोर्ड गेमचं गणित मी तुला नीट मांडून दाखवते, कारण याच चुकीपायी हौसेने उतरलेले बहुतेक लोक गाळात जातात. समज एक गेम ४.९९ डॉलरला घेतलास. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स धरून ५.३२. तो टपालखर्चासकट ३५ डॉलरला गेला. ईबेचं कमिशन तेरा टक्क्यांच्या वर, आणि ते नुसत्या किमतीवर नाही, टपालखर्च आणि गिऱ्हाइकाने भरलेला टॅक्स धरून होणाऱ्या एकूण रकमेवर. शिवाय दर ऑर्डरमागे काही सेंट. म्हणजे साडेपाचेक डॉलर गेले. पाच पौंडांचा खोका कॅलिफोर्नियाला पाठवायला पंधरा डॉलर धर. बाहेरचं खोकं, टेप, बबल रॅप मिळून दोन. हातात उरले सातच्या आसपास. त्यासाठी तू दुकानात गेलीस, प्यादी-पत्ते मोजलेस, फोटो काढलेस, पॅक केलंस, पोस्टात उभी राहिलीस. न्यू जर्सीत किमान वेतनच तासाला पंधरा डॉलरच्या वर आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यात एक पत्ता कमी निघून गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की ते सातही गेले आणि वर परतीचं टपाल अंगावर. पोस्टात कुणी 'मीडिया मेल'ने स्वस्तात पाठव म्हणालं तर ऐकू नकोस. ती सवलत पुस्तकं, सीडी वगैरेंसाठी आहे, खेळ त्यात बसत नाहीत आणि पोस्ट ते उघडून बघू शकतं.

मी स्वतः इथे बरीच वर्षं जुने बोर्ड गेमच विकते, तरी हे लिहिते आहे. ठरावीक नावं माहीत असली तर त्यात कस आहे. मिल्टन ब्रॅडलीचा १९८१चा 'डार्क टॉवर', १९८६चं 'फायरबॉल आयलंड', 'हीरोक्वेस्ट', यांचे सुटे भागसुद्धा विकले जातात. अर्धवट खोक्यातली चार प्यादी एका पाकिटात घालून पाठवणं मला आख्ख्या गेमपेक्षा परवडतं. पण ही नावं डोक्यात बसायला वेळ लागतो आणि ती गुडविलच्या शेल्फवर सहसा भेटत नाहीत. का ते पुढे सांगते.

तुझी लेगोची माणसं का गेली ते आता लक्षात येईल. सहा नग मिळून एका मुठीत मावतात, पॅडिंगच्या छोट्या पाकिटातून जातात, फुटत नाहीत आणि घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तुला हा धंदा करायचाच असेल तर बाकी सगळं सोड आणि लेगो धर. ब्रिकलिंक नावाची साइट २००० सालापासून आहे, २०१९मध्ये ती लेगो कंपनीनेच विकत घेतली. तिथे प्रत्येक माणसाचा, प्रत्येक विटेचा नंबर आणि मागच्या सहा महिन्यांत काय भावाने विकला गेला ते मिळतं. रोज दहा माणसं ओळखायला शिक. डोकं उपसून काढ, मानेच्या खुंटावर बारीक अक्षरांत 'लेगो' कोरलेलं असेल तर बहुधा अस्सल, नसेल तर नकलेचा संशय घे. मग काखेखाली नख फिरव. तिथे धडाला केसाएवढी उभी चीर पडते. फोटोत दिसत नाही, पण जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच बघतं आणि भाव निम्म्यावर येतो. हातपाय छापील आहेत का, तेही बघ. स्टार वॉर्सच्या २००३च्या 'क्लाउड सिटी' सेटमधल्या बोबा फेटच्या हातापायांवरही छपाई आहे आणि तेवढ्यापायी तो एकटा भलताच महाग जातो. सेटच्या सूचना-पुस्तिका हरवल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, बहुतेक सेटच्या कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात.

नवऱ्याने जुना बाजार म्हटलं ते मनाला लावून घेऊ नकोस. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं विकणारा कुलपंच विकतो, आणि हातात घेतल्याबरोबर ते कितीला जाईल हे त्याला ठाऊक असतं. तुझ्या बेसमेंटमध्ये सगळ्या जिनसा आहेत आणि भाव एकाचाही माहीत नाही. नवरा बिचारा उगाच त्या बाजाराची बदनामी करतोय.

कार्ड आल्यावर धंदा करशील तेव्हाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण ती पैशापेक्षा मोठी आहे. परत मागवलेलं खेळणं, म्हणजे ज्याचा 'रिकॉल' निघालाय ते, विकणं इथे बेकायदा आहे. २००८च्या कायद्याने ते दुकानदाराइतकंच जुनं विकणाऱ्यालाही लागू आहे, आणि माहीत नव्हतं हा बचाव नाही. त्याच्या आदल्या वर्षी शिसं असलेल्या रंगापायी मॅटेलने लाखो खेळणी परत मागवली होती. त्यातली काही आजही कुणाच्या तरी माळ्यावरून जुन्या वस्तूंच्या दुकानांत उतरत असणार. सीपीएससी या सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या साइटवर नाव टाकून बघायला मिनिट लागतं. सुटणारे बारीक चुंबक असलेली खेळणी दिसली की सरळ कचऱ्यात टाक. पोराने दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटतं. फिशर-प्राइसचे ते गोड लाकडी 'लिटल पीपल' जुने, सडपातळ असतील तर घशात अडकू शकतात. १९९१मध्ये कंपनीने ते जाडजूड केले ते उगाच नव्हे. विकायचेच तर मोठ्यांच्या संग्रहासाठी म्हणून, तसं ठळक लिहून.

टॅक्सचं थोडक्यात. वर्षाला २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार या दोन्ही मर्यादा ओलांडल्याशिवाय ईबेकडून सरकारकडे १०९९-के (तुझ्या विक्रीची माहिती देणारा फॉर्म) जात नाही, २०२५च्या कायद्याने ती जुनी मर्यादा परत आणली. काही राज्यांची मर्यादा मात्र याहून कमी आहे. फॉर्म आला नाही म्हणजे टॅक्स नाही असंही होत नाही. नफा टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल सीमध्ये (स्वतःच्या धंद्याच्या फॉर्ममध्ये) दाखवायचा आणि निव्वळ ४०० डॉलरच्या पुढे १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा. प्रत्येक पावतीवर मागे काय घेतलं ते पेनाने लिही, कारण गुडविलच्या पावतीवर नुसतं 'टॉइज' छापून येतं. राज्यात नोंदणी करून एसटी-३ फॉर्म दिलास तर विकण्यासाठी घेतलेल्या मालावर सेल्स टॅक्स लागत नाही.

सासूबाईंना मी सरसकट चूक म्हणणार नाही. पण गुडविल कशासाठी आहे ते त्यांना सांग. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंतांच्या वस्तीतून जुन्या वस्तू गोळा करून गरिबांना त्या दुरुस्त करायचं काम दिलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. तिचा भर वस्तू वाटण्यावर कधीच नव्हता. विक्रीच्या पैशातून रोजगार आणि प्रशिक्षण, अशी तिची रीत. तिला तुझा डॉलर आणि दुसऱ्या कुणाचा डॉलर सारखाच. इतकंच काय, चांगला माल दिसला की गुडविल तो स्वतःच्या ऑनलाइन लिलावात टाकते, १९९९पासून. शेल्फवर येतं ते बहुतेक चाळून उरलेलं. म्हणून म्हटलं, 'डार्क टॉवर' तिथे भेटत नाही.

तरीही एक मर्यादा मी पाळते आणि तूही पाळावीस असं मला वाटतं. डिसेंबरमध्ये खेळण्यांच्या ओळीत आई मुलाला घेऊन उभी असेल तर आपली कार्ट तिथून बाजूला काढायची. एक-दोन डॉलरच्या मऊ बाहुल्या, ट्रक, साधी कोडी यांना हात लावायचा नाही, त्यात आपल्याला सुटत काही नाही आणि दुसऱ्याचा सण होतो. संग्राहकांच्या मालापुरतं बघायचं. तुझी बीनींची आणि साध्या बार्बींची खोकी धुऊन-पुसून सासूबाईंच्याच हातून एखाद्या वुमेन्स शेल्टरला दे, घेतात का ते आधी फोन करून विचार. जुनं घेत नसतील तर गुडविलमध्येच परत नेऊन टाक. बॅटरीची खेळणी देण्याआधी झाकण उघड. स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा गंज चढला असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पूस, मग रबिंग अल्कोहोलने, आणि कोरडं होऊ दे.

लेकाचा माणूस त्याला आजच्या आज परत दे. पंधरा डॉलरची ती पिशवी त्याच्यासाठी घेतली होती ना?

राहिला भाऊ. बॅगेतून भाच्याला एक सेट नेलास तर कुणी काही म्हणत नाही. पण विकण्याच्या हिशेबाने भरलेली बॅग हे सामान राहत नाही, तो व्यापारी माल होतो, आणि जुना माल भारतात आणायला परवाना लागतो. शिवाय १ जानेवारी २०२१पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर बीआयएसचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तो तुझ्या गुडविलच्या पिशवीवर कुठून येणार? मुंबई विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली तर तिथे तू उभी असशील, भाऊ बाहेर गाडीत बसलेला असेल. त्याला म्हणावं, लेगो हवा तर स्वतः इथे ये, खेळ आणि परत जा.